माशांची सोयरीक

अर्धांगाच्या झटक्यात ह्यांचं उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. डावा हात शाबूत राहिला, पण तोही मांडीवर नुसता पडून असायचा. जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवताना टेबलावर डस्टर आपटून सगळा वर्ग गप्प करणारा हा माणूस. आता खुर्चीत बसवलं की बसतो, झोपवलं की झोपतो. भूक लागलीय का, दुखतंय का, मी समोर नकोशी झालेय का, काही म्हणजे काही कळत नाही. डॉक्टर म्हणाले, "त्यांना काहीतरी हवंसं वाटलं पाहिजे. तेवढं झालं तर पुढचं बघता येईल." मला त्यांचा रागच आला. हवंसं वाटणं काय मेडिकलमध्ये मिळतं?

ते मिळालं सोलापूरला, माशांच्या दुकानात. तपासणी करून बाहेर पडलो तर गाडीचा पत्ता नव्हता आणि ऊन रणरणत होतं. दवाखान्याला लागूनच ते दुकान होतं, सावलीला म्हणून मी ह्यांची खुर्ची आत ढकलली. समोरच्या काचेमागे एंजल मासे होते, भाकरीच्या चतकोरासारखे चपटे, वर-खाली लांब पर असलेले. ह्यांचा डावा हात मांडीवरून उठला आणि बोट काचेला टेकलं. मी कोपराला आधार दिला नव्हता, काही बोललेही नव्हते. "हे पाहिजेत?" मी विचारलं. बोट तिथंच राहिलं. मी भर दुकानात रडायला लागले.

दुकानदाराला वाटलं, बाई वेडी आहे. पण माणूस बरा होता. त्यानं आधी विचारलं, "वैनी, पाणी कुठलं तुमचं?"

"धाराशिवचं. बोअरचं. नळाला आलं तर नळाचं."

"मग भांड्याला पांढरा थर बसत आसंल. जड पाणी हाय ते. तुमी आफ्रिकेचे न्या, त्यांना आसलंच पाणी मानवतंय. हे एंजल दक्षिण अमेरिकेचे, मऊ पाण्याचे. अन् दोन्ही एका टाकीत घालू नका बरं का, न्हाय जमत त्यांचं."

आमच्या नळालाच आफ्रिका लागून आली होती, त्याला मी काय करणार? बोट एंजलवर ठेवलं होतं. तेव्हा मासे तेच, पाण्याचं बघू.

मग एंजलला सोबत कोण, हा प्रश्न आला. आमच्याकडे सोयरीक जुळवताना स्वभावापासून आजोळापर्यंत चौकशी करतात. मोबाईल घेऊन मी माशांची तशीच चौकशी केली. ऑस्कर माणूस ओळखतो म्हणे, पण तोंडात मावेल ते गिळतो. ग्रीन टेररच्या नावातच सगळं आलं. सेव्हरम गरीब स्वभावाचा, पण वाढून ताटाएवढा होतो, बाहेरच्या खोलीसाठी घेतलेल्या काचेच्या टाकीत त्याला वळायलाही जागा उरली नसती. डिस्कस देखणा आणि नखरेल, ऊब कमी झाली की आजारी. एक आजारी माणूस घरात होता तेवढा पुरे होता. शेवटी बोलिव्हियन रॅम पसंत केले. बोटाएवढे, शांत, तळाच्या वाळूत चरणारे. एंजल वरच्या मजल्यावर, रॅम तळमजल्यावर, आणि जिना कुणी चढायचा नाही.

पाण्यासाठी तर मी काय नाही केलं! मशीनचं शुद्ध पाणी आणि उघडं ठेवून मुरवलेलं नळाचं पाणी एकत्र केलं. दुकानदारानं सांगितल्याप्रमाणे देशी बदामाची वाळलेली पानं त्यात सोडली. पाणी फिक्या कोऱ्या चहासारखं झालं. तसंच व्हायला हवं होतं, ह्या माशांच्या नद्यांचं पाणी तसलंच असतं. पाणी माशांना मानवेल असं व्हावं म्हणून मासे आणण्याआधी पुष्कळ दिवस टाकी नुसती चालवली. सासूबाई लेकासाठी तेर गावाहून आमच्याकडे राहायला आल्या होत्या. त्या येता-जाता म्हणायच्या, "बिनमाशाचं पाणी कशाला घुसळायलीस गं?" शेजारीण म्हणाली, "हितं माणसाला पाणी न्हाय अन् तुमचे मासे शुद्ध पितेत." म्हणू दे. मी निर्लज्ज झाले होते.

आणि मासे जगले. हे दिवसभर टाकीसमोर बसायला लागले, नजर माशांमागं फिरायला लागली. एकदा थोरला एंजल हुंदडत खाली गेला. एवढासा रॅम पर फुलवून त्याच्यापुढं उभा राहिला, तसा एंजल गपगुमान वर निघून आला. ह्यांच्या घशातून आवाज आला. ते हसणं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी टाकीचा दिवा लावायला विसरले, तर ह्यांनी बोटानं बटण दाखवलं. मागितलं! त्या दिवशी मी शिरा केला. वाटलं, आता हळूहळू येईल हा माणूस परत.

आमच्याकडे नळ आठवड्यानं, कधी त्याहून उशिरा येतो. नळ आला की घरोघरी एकच गडबड. आदल्या खेपेचं उरलेलं पाणी शिळं म्हणून ओतून द्यायचं, हंडे-कळश्या लख्ख घासायच्या आणि नवं पाणी गाळून भरायचं. उन्हाळ्यात टाचा घासून पाणी आणणाऱ्या बायकासुद्धा हा नेम मोडत नाहीत. सासूबाईंचा तर जन्म त्यात गेला. मी औषधं आणायला गेले होते तेव्हा नळ आला.

परत आले तर बाहेरच्या खोलीत नळाच्या ताज्या पाण्यातल्या ब्लीचिंग पावडरचा वास होता. टाकी घासून लख्ख केलेली, पाणी नितळ. एंजल वर आडवे होऊन तोंड उघडत होते. रॅम वाळूवर पांढरेफटक पडले होते. लुगड्याचा ओला ओचा पिळत सासूबाई कौतुकानं उभ्या होत्या.

"बघ, आरशावानी केली. मासे बादलीत काढले, समदं शिळं पाणी फेकलं. चहावानी सडलं हुतं. माझं लेकरू दिसभर त्येच घाण पाणी बघत बसायचं." मग ह्यांच्याकडे हात करून म्हणाल्या, "अन् लई खूश झालाय. म्या पाणी उपसाय लागले तसा दणादणा हात आपटाय लागला खुर्चीवर. शेवटपतूर थांबला न्हाय बघ."

मी ह्यांचा हात उचलून पाहिला. तळव्याची कड लाल होऊन सुजली होती. ते माझ्याकडे बघत होते. ती नजर माझ्यानं सोसवेना.

कळशी भिंतीवर फेकून ओरडावंसं वाटलं, तुम्हाला थांबवत होते ते! पण म्हातारीच्या चेहऱ्यावर एवढा आनंद मी झटक्यानंतर पहिल्यांदाच पाहत होते. मासे वाचवायची धडपड केली, पण घरात मुरवलेलं पाणी थेंबभर उरलं नव्हतं, तेही शिळं म्हणून ओतलं गेलं होतं. मी खुर्ची भिंतीकडे वळवली तर ह्यांनी मान वाकडी करून बघायचं ते बघितलंच. संध्याकाळपर्यंत सगळे मेले.

पुढच्या तपासणीला मी ह्यांना त्याच दुकानात नेलं. हे स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत बसले. "परत आणू?" म्हटलं तर डोळे मिटून घेतले. डॉक्टर म्हणतात वेळ द्या. मी मान हलवते, पण माझा विश्वास उडालाय. एकदा काहीतरी हवंसं वाटलं आणि त्याचं काय झालं ते ह्यांनी पाहिलं. आता पुन्हा कशाला मागतील?

परवा नळ आला. सासूबाई कळशी घेऊन रिकाम्या टाकीपाशी आल्या आणि पाणी ओतायला लागल्या. कळशी रिकामी झाली की वळून ह्यांच्या हाताकडे बघायच्या, पुन्हा भरून आणायच्या. "आपट की रं, राजा. त्या दिशी कसा आपटत हुतास." हात मांडीवर पडलेला. टाकी काठोकाठ भरली, पाणी फरशीवर सांडायला लागलं, तरी त्या थांबेनात. शेवटी कळशी खाली ठेवून त्यांनी मला विचारलं, "आगं, त्या दिशी म्या काय येगळं केलं हुतं?"

मी फडकं आणलं आणि फरशी पुसायला बसले.