अस्पष्ट आहे, पुन्हा पाठवा

माझ्या बायकोच्या मामांइतका फोटोचा मान राखणारा माणूस सबंध नागपुरात दुसरा सापडायचा नाही, आणि सापडलाच तर मामांनी त्यालाही एव्हाना फोन करून झापलेलं असेल. कुणी दागिने जपतं, कुणी लोणच्याच्या बरणीला ओला हात लागू देत नाही. मामा फोटो जपतात, आणि तेही मोबाइलमधले. एका मोबाइलवरून दुसऱ्यावर फोटो पाठवला की तो वाटेत आकसतो, त्याचे बारकावे गळून पडतात, हे ज्ञान त्यांना निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी झालं आणि त्या दिवसापासून आमच्या नात्यागोत्यातल्या एकाही माणसाला सुखाने फोटो पाठवता आलेला नाही. "फोटो फोटो म्हणून पाठवाचा नसते जवाईबुवा," त्यांनी मला पहिल्यांदा समजावलं ते दीक्षा दिल्यासारखं. "फोटो म्हणून पाठवला का त्याचा भुगा होते. फाइल करून पाठवा. पिनेचं चिन्ह दिसते ना? ते दाबा. आता फोटोवर नका जाऊ, लोक तिथंच फसतात. डॉक्युमेंटवर जा." पुढे त्या ॲपनेच बऱ्या प्रतीचा फोटो पाठवायचं एक बटण दिलं. मला वाटलं, सुटलो. मी मोठ्या आनंदाने मामांना ते दाखवलं. त्यांनी एक फोटो तसा मागवला, एक फाइल करून मागवला, दोन्ही मोठे करून करून पाहिले आणि निकाल दिला, "हे हाफ प्लेट आहे. मले फुल पायजे."

मामा पाटबंधारे खात्यात नकाशे काढायला होते. सगळी नोकरी तिरप्या टेबलावर वाकून, पेन्सिलीला सुईसारखं टोक काढून झाली. रेघ जाड झालेली त्यांना खपायची नाही. "कागदावर रेघ पसरली का तिकडं कालवा दुसऱ्याच्याच वावरातून जाते," असं ते म्हणत, आणि हे ते इतक्या कळकळीने म्हणत की त्यांच्या कुठल्यातरी रेघेपायी कुणाचं तरी शेत खरंच पाण्यात गेलं असावं अशी मला शंका यायची. त्याच बारीक, सुबक अक्षरात त्यांनी फोटो पाठवण्याची रीत पुठ्ठ्यावर लिहून काढली, प्लास्टिकमध्ये मढवली आणि प्रत्येक नातेवाइकाच्या घरी एक एक नेऊन दिली. आमच्याकडे ती फ्रिजवर लावलेली आहे. पाहुणे आधी ती आरती समजतात.

शिवाय काचेचा नाद वेगळाच. समोरच्याने फोटो काढायला मोबाइल वर उचलला की मामा "थांबा" म्हणून ओरडतात, खिशातून मऊ कापडाची घडी काढतात आणि मोबाइलची काच पुसून देतात. यात ओळखीपाळखीचा प्रश्न येत नाही. एकदा आम्ही सीताबर्डीला चष्मा आणायला गेलो होतो. व्हरायटी चौकापाशी एक नवं जोडपं आपलाच फोटो काढत उभं होतं. मामा गर्दीतून सरळ त्यांच्याकडे गेले आणि मुलाच्या हातातून मोबाइल घेतला. मुलाला वाटलं चोर. तो "ओ काका, ओ काका" करत असतानाच मामांनी काच पुसली, दोघांना सावलीतून उन्हात सरकवलं, मुलीला "तू थोडी इकडं ये वं माय, तुयावर खांबाची सावली पडून राहिली" असं सांगितलं आणि दोन फोटो काढून मोबाइल परत दिला. मुलाने फोटो पाहिला आणि त्याचा चेहराच बदलला. मुलगी तर वाकून पाया पडली. मामांनी तिला आशीर्वाद दिला, "सुखी राहा. आणि हा फोटो कोणालेही फाइल करून पाठव."

पण सगळेच पाया पडत नाहीत. हिच्या चुलत भावाला मुलगा झाला तेव्हा त्याने बाळाचा पहिला फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. अभिनंदनांचा पाऊस पडला, फुलं पडली, हात जुळले, आणि त्या सगळ्याच्या मधोमध मामांचा निरोप आला: "अस्पष्ट आहे. पुन्हा पाठवा." बाळाच्या आईने हा शब्द बाळाला उद्देशून घेतला. बारशाला मामांना पानावर लाडू वाढताना ती दोनदा विसरली.

आमच्या गौरीचं साक्षगंध झालं तेव्हा मात्र कडेलोट झाला. साखरपुडा, पण आमच्याकडे साक्षगंधच म्हणतात. गौरी म्हणजे आमची एकुलती एक मुलगी, मामांची लाडकी. सकाळपासून मामा मोबाइल घेऊन हॉलभर फिरत होते. कुणाचं काय चाललं आहे, कुणी जेवतंय की रडतंय, काही पाहणं नाही, फोटो. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी ते सगळे, म्हणजे सगळेच्या सगळे, एकामागून एक फायली करून ग्रुपवर सोडले. माझा मोबाइल तापला. हिच्या मोबाइलमध्ये जागा संपली. पण सर्वांत वाईट गत झाली ती माझ्या मेहुण्याची, म्हणजे हिच्या थोरल्या भावाची. त्याचं नागपूरबाहेर वाडीला ट्रान्सपोर्टचं गोदाम आहे. दोन ट्रक दारात उभे, ड्रायव्हर कागदांसाठी खोळंबलेला, कागद मोबाइलवर येणार, आणि मोबाइल मामांच्या फायली गिळता गिळता बंद पडलेला. तासाभराने तो कसाबसा सुरू झाल्यावर मेहुण्याने पहिलं काम हे केलं की ग्रुपमधून मामांना काढून टाकलं. तसा तो ग्रुपचा प्रमुखच. खाली फक्त एक बारीक ओळ उमटली, मामांना काढल्याची. त्या ओळीखाली कुणीच काही लिहिलं नाही. मीही नाही. खरं सांगायचं तर आम्हा सर्वांना जरा हायसंच वाटलं होतं.

मामा काही बोलले नाहीत. हेच चमत्कारिक होतं. आधी दिवसाआड फोन यायचा, तो बंद झाला. पंधरा दिवस झाले, तीन आठवडे झाले. ही एकदा दूध तापवता तापवता म्हणाली, "मामांनी इतक्यात कुणाला रागावलं का हो?" मी नाही म्हटलं आणि आम्ही दोघांनी त्या रविवारीच सक्करदऱ्याला मामांकडे जायचं ठरवलं.

मामा-मामींचं घर तिथल्या तलावापासून फार लांब नाही. दार उघडंच होतं. खिडकीपाशी मामी खुर्चीत बसल्या होत्या. मोबाइल डोळ्यांच्या अगदी जवळ, मान एका बाजूला वळवलेली, जणू त्या मोबाइलकडे न पाहता शेजारच्या भिंतीकडे पाहत होत्या. दोन बोटांनी फोटो मोठा करायच्या, थोडा सरकवायच्या, पुन्हा मोठा करायच्या. मामा शेजारी स्टुलावर. आम्हाला पाहून मामींनी चोरी सापडल्यासारखा मोबाइल पदराखाली घेतला.

मग हळूहळू बाहेर आलं. मामींच्या डोळ्यांच्या पडद्याला काहीतरी झालं होतं, दोन वर्षांपासून. समोरचं माणूस मधोमध पुसल्यासारखं दिसायचं. कडेचं तेवढं शाबूत. त्यामुळे चेहरा पाहायचा तर तो मोबाइलभर मोठा करून, मान वळवून, तुकड्या-तुकड्याने पाहावा लागे. आधी एक डोळा, मग नाक, मग ओठ. आकसलेला फोटो मोठा केला की नुसते चौकोन दिसत. "कोणाले सांगू नका म्हटलं होतं मी यायले," मामी म्हणाल्या. "लोक मंग फोटो नाई दाखवत. म्हणते, राहू द्या, मामीले दिसत नाई."

"अन् मी काय सांगू लोकायले?" मामा जमिनीकडे पाहत म्हणाले. "म्हणून म्हटलं, मलेच वेडा समजू द्या."

मामींनी हिला जवळ बसवून घेतलं आणि साक्षगंधाचे फोटो दाखवायला सुरुवात केली. तीन आठवड्यांत त्यांनी त्या फोटोंची जी उलथापालथ केली होती ती पाहून मी थक्क झालो. व्याह्यांच्या सदऱ्याची दोन बटणं वेगळ्या रंगाची होती. गौरीच्या मेंदीत नवऱ्यामुलाच्या नावातली वेलांटी चुकली होती. एका फोटोत, सगळे हसत असताना, मागच्या खांबाआड ही पदराने डोळे टिपत होती. "मी तर घरी आल्यावरच रडले असं सर्वांना सांगितलं," ही म्हणाली. मग मामींनी आणखी एक फोटो उघडला, कोपरा मोठा केला आणि विचारलं, "अन् हे पाह्य वं. जवाईबुवाच्या हातात कायची वाटी आहे?"

ते गुलाबजाम होते. तीन. मला दोन वर्षांपासून साखर आहे, आणि त्या दिवशी मी फक्त काकडी खाल्ली असं हिचं ठाम मत होतं. आकसलेल्या फोटोत ती काकडीच वाटली असती. मामा पहिल्यांदा हसले. "म्हणून म्हणतो जवाईबुवा, लोकायले साफ फोटो का आवडत नाई ते मले समजते."

डोळ्यांची गोष्ट कुणाला सांगायची नाही असं मामींनी आमच्याकडून कबूल करून घेतलं. परत येताना मी म्हणालो, मग तुझ्या दादाला समजवायचं कसं? हिने घरी येऊन त्याला फोन लावला आणि एवढंच म्हणाली, "दादा, मामी तुझ्या नातवाबद्दल पुसत होती. तुझं कॉलेज तिच्याच हातच्या डब्यावर झालं गा. एकदा जाऊन फोटो तरी दाखवून ये."

तो पुढच्या रविवारी गेला. मी सोबत होतो. मामा दारात उभे राहिले, "ये" म्हणाले आणि आत वळले. रुसवा होताच. मेहुण्याने मामींच्या हातात मोबाइल दिला. त्याच्याच मोबाइलने काढलेला नातवाचा फोटो, न आकसलेला. मामींनी तो मोठा केला, सरकवला, मान वळवली. मेहुणा बघत राहिला. आधी त्याला वाटलं त्या चिडून तोंड फिरवताहेत. मग त्याने त्यांचं बोट पाहिलं. बाळाच्या कपाळावरून ते हळूहळू वर केसांपर्यंत गेलं आणि थांबलं.

"भोवरा तुयाच आहे," मामी म्हणाल्या. "डावीकडं. तुले तेल लावत होती तवापासून माया लक्षात आहे."

मेहुणा म्हणजे गाड्या-ड्रायव्हरांवर दिवसभर ओरडणारा माणूस. खाली वाकला आणि मामींच्या चपला उगाच सारख्या करत बसला. मग मामांना म्हणाला, "मामा, ते पिनेचं चिन्ह दाबल्यावर काय कराचं?"

"पुठ्ठा दिला होता तुले," मामा म्हणाले.

"हरवला."

मामांनी कपाट उघडलं. आत तसे आणखी दहा पुठ्ठे होते.

त्या संध्याकाळी मामा ग्रुपमध्ये परतले, आणि पहिल्या दहा मिनिटांत त्यांनी दोन फोटो अस्पष्ट ठरवले. मेहुण्याने नवा, जास्त जागेचा मोबाइल घेतला. गौरीचं लग्न झालं, ती नवऱ्याबरोबर बंगळूरला गेली, आणि तिकडून आठवड्याला एक तरी फाइल मामांकडे येते.

यंदाच्या हिवाळ्यात मामींची कडेची नजरही गेली. आता त्या मोबाइल हातात घेत नाहीत. मला वाटलं होतं, मामा आता फायलींचा हट्ट सोडतील. परवा मी गेलो तेव्हा गौरीचा नवा फोटो आला होता, तिच्या नव्या घराच्या गॅलरीतला, नवऱ्याने काढलेला. मामा चष्मा वर करून, फोटो मोठा करून मामींना सांगत होते. मागं तुळस आहे. कुंडी निळी आहे. साडी पोपटी आहे.

"पोपटी नसन," मामी म्हणाल्या. "पोपटी गौरी नेसत नाई. पिस्ता असन. नीट पाहा."

मामांनी नीट पाहिलं. "पिस्ताच आहे," म्हणाले.

"अन् हसून राहिली का?"

मामांनी फोटो आणखी मोठा केला. पडद्यावर आता फक्त गौरीचे ओठ उरले होते. मामा पुष्कळ वेळ त्या ओठांकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "हसणारच होती. तेवढ्यात काढला त्यानं."