तात्यांचे डोळे आणि पोलादाचा रंग

कुर्डुवाडीत मारुतीतात्यांच्या सुऱ्यांच्या दुकानी मी पहिल्यांदा गेले, तेव्हा भर दुपारी शटर अर्धं खाली होतं. दुकान बंद समजून मी वळले, तोच आतून आवाज आला, "वाकून या की! उजेडात तापल्या पात्याचा रंग कळत न्हाय." मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवते. त्या दिवसापासून सुट्टी मिळाली की मी त्या अंधारात शिकायला जाते.

रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाल्यावर तात्या शिकारी सुऱ्या घडवू लागले. शिकार आता बंद; गिऱ्हाईक म्हणजे डोंगर चढणारे हौशी आणि उजनीकाठचे मासेवाले. पोलादाबद्दल तात्यांची मतं ठाम आहेत. ट्रकच्या कमानपाट्याची सुरी चिवट, हाडावर आदळली तरी तुटत नाही, पण धार लवकर जाते. बेअरिंगच्या पोलादाची धार टिकते. मात्र ते जरा जास्त तापलं की कडक करायला तेलात बुडवताना तडकतं. स्टेनलेसला लागणारा ताव आपल्या भट्टीत राखता येत नाही, म्हणून ते नकोच. पुण्याच्या एका गिऱ्हाइकाने हट्ट धरला, तेव्हा तात्या म्हणाले, "चमक पायजे तर ताट घ्या की."

पण कामात ते स्वतःलाही सोडत नाहीत. एका मासेवाल्याच्या सुरीचा टवका उडाला, तर तात्यांनी त्याला मुकाट्याने नवी दिली आणि ती जुनी भट्टीसमोर खिळ्याला टांगली. "रोज दिसू दे मला," म्हणाले.

पातं भट्टीत असताना दुकानात कोणी बोलत नाही. रंग आला की 'बस' म्हणायचं ते तात्यांनीच, आणि लगेच पातं तेलात.

यंदा त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. छान झालं, आणि तिथेच घोटाळा झाला. नव्या डोळ्याला पातं झगझगीत दिसे, मोतीबिंदू वाढत चाललेल्या जुन्याला काळपट. नव्याच्या भरवशावर लवकर काढलेलं पातं मऊ राहिलं, कानस त्यात रुतली. जुन्याच्या भरवशावर जास्त वेळ ठेवलेलं तेलात तडकलं. तात्या एकेक डोळा झाकून निखाऱ्याकडे बघत राहिले. "खरं कुठलं गं, पोरी?" मला फार भीती वाटली. भट्टीवाचून हा माणूस जगेल कसा, हा विचार डोक्यातून जाईना.

गेल्या रविवारी त्यांनी बेअरिंगचं पातं भट्टीत सरकवलं, चिमटा हातात धरला आणि म्हणाले, "आज तू सांग." रंग चढत होता. मी तात्यांकडे पाहिलं, तर त्यांनी दोन्ही डोळे मिटले होते.

"बस!"

पातं तेलात गेलं. तडकल्याचा आवाज आला नाही, तरी कानस उचलायला माझा हात धजेना. शेवटी तात्यांनीच ती फिरवली. कानस पात्यावरून सर्रकन घसरली. "लई ब्येस," ते म्हणाले आणि पुढचं पातं भट्टीत ठेवलं.

पुढच्या महिन्यात दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. माझी धाकधूक अजून गेलेली नाही. तात्या पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो आणि दोन्ही डोळ्यांना एकच रंग दिसो. तोवर 'बस' मी म्हणेन. पण तात्या, लवकर बरे व्हा. मला ते तुमच्याच तोंडून ऐकायचं आहे.