पैलवानाची जीभ

आमच्या दादाला अख्खा बाजार पैलवान म्हणतो. अर्धा बोकड तो एका हाताने आकड्याला लावतो. आणि सात महिने झाले, मांसाला तोंड लावत नाही. ही शेवटची गोष्ट फक्त मला ठाऊक होती.

कारण विचाराल तर सांगण्यासारखं काही नाही. एका दुपारी घास घशाखाली उतरला नाही, मग पुन्हा उतरवावासाही वाटला नाही. पुढे दूध, अंडंही सुटलं. "कापतो ते पोटासाठी. खाववत नाही," एवढंच बोलला.

पण आमचं पडलं खाटकाचं दुकान. सॉसेजचा खिमा कालवून झाला की लिंबाएवढा गोळा तव्यावर भाजायचा, मालकाने चव घ्यायची, मगच माल बाहेर. ही आजोबांची रीत. बाबांनी ते काम दादाला दिलं होतं, आणि महिनाअखेर आजोबांचा सुरा, म्हणजे दुकानच, त्याच्या हाती देणार होते. मी पाच वर्षं पुड्याच बांधत होते. बायकांचा हात सुऱ्याला नको, हे बाबांचं ठरलेलं. तर दादा मागच्या खोलीचं दार लोटून गोळा भाजायचा, आणि खायचे मी. मीठ, मिरी, सगळं मी सांगायचे. बाहेर बाबा गिऱ्हाइकांना सांगत, "पोराच्या जिभेवर दुकान चाललंय." मी पुडीची दोरी करकचून आवळायचे.

त्या दिवशी माझी दाढ काढलेली होती. गाल टम्म सुजलेला, तोंड उघडेना. "मीठ मी मोजून घातलंय, जाऊ दे," दादा म्हणाला. वीस किलो माल हॉटेलात गेला आणि तासाभरात तिथला आचारी पातेलं घेऊन दुकानात आला. "तोंडात धरवत नाही हो. दुपारी साठ माणसं जेवायला आहेत."

बाबांनी त्याला बाहेर थांबवलं, आम्हा दोघांना मागच्या खोलीत घेतलं आणि कडी लावली. गोळा भाजून दादापुढे धरला.

"सकाळी चव घेतलीस ना? घे आता."

"बाबा, मी मांस खात नाही."

बाबांच्या कपाळाची शीर ताडताड उडायला लागली. "मग बांगड्या भर हातात."

"त्या माझ्या हातात आहेत," मी म्हणाले आणि गोळा उचलला. चावताना डोळ्यांत पाणी आलं. "मीठ दुप्पट आहे. दादाच्या आधी कुणीतरी घातलंय. रोजची चव मीच घेते, बाबा."

बाबा गोरेमोरे झाले. मोठी ऑर्डर म्हणून पहाटे त्यांनीच मीठ घातलं होतं आणि सांगायला विसरले होते. त्यांनी तवा खाली उतरवला. मग ते दबक्या आवाजात म्हणाले, "हे खोलीबाहेर जाता कामा नये. हिने इथंच चव घ्यायची, नाव तुझं. सुरा तुझाच."

मला वाटलं, दादा मान डोलावणार. मला त्याचा तेव्हा रागच आला.

"असा सुरा नको मला," म्हणत त्याने कडी काढली. बाहेर आचारी आणि पाच-सहा गिऱ्हाइकं ताटकळत होती. "तासाभरात नवा माल देतो," दादा सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. "चव माझी बहीण घेईल. मी मांस खात नाही."

कुणीतरी फिसकन हसलं. दादाने नवा खिमा कालवायला घेतला.

सुरा अजून खुंटीलाच आहे. बाबांनी तो कुणालाच दिलेला नाही. पण तवा आता दुकानात पुढे आलाय, आणि मी चव घेऊन मान हलवेपर्यंत बाबा गिऱ्हाइकाला थांबवून ठेवतात.