दम लागणारी मोटर

मी रेणापूरकडचा माणूस. आमच्याकडं प्यायचं पाणीच टँकरनं यायचं, त्यामुळं पाण्यावर होडी चालते हे मी नोकरी लागल्यावर पाहिलं. नांदेड जिल्ह्यातल्या एका नदीकाठच्या तालुक्याला, सरकारी कचेरीत भांडार माझ्याकडं होतं. खुर्च्या, कपाटं, बादल्या, सतरंज्या आणि पुरात माणसं काढायला दिलेली एक होडी. होडीच्या मागं लावायची पेट्रोलची मोटर चांगलीच म्हातारी होती. दुसऱ्या तालुक्यानं वापरून वापरून आमच्या गळ्यात मारलेली.

ती चालवायला पावसाळ्याचे चार महिने रोजंदारीवर एक भोई असायचा. सगळे त्याला मामा म्हणायचे. वयानं माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा, तरी मी त्याला अरेतुरेच करायचो. पहिल्या दिवसापासून तो मला आवडला नाही. सांगितलेलं सगळं करायचा, पण मान खाली घालायचा नाही. कचेरीत असला माणूस मला खपत नसे, खरं तेच सांगतो.

त्या उन्हाळ्यात तपासणी झाली आणि माझ्यावर शेरा आला: भांडारातल्या वस्तूंवर नोंदवहीतले नंबर टाकलेले नाहीत. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नंबर पाहिजेत ना? घ्या नंबर! लाल रंगाचा डबा, पांढऱ्या रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन बसलो. आधी लाल पट्टा, तो वाळला की वर पांढरा नंबर. दोन दिवसांत दिसेल ते रंगवलं. होडी, वल्ही, मोटर, पेट्रोलची टाकी, टाकीचं झाकण, काही सोडलं नाही. शिपाई म्हणाला, "सायब, आता आमीच तेवढे राहिलो."

मृगाच्या आधी मोटर पाण्यात घातली. गेल्या साली गुमान चालणारी मोटर, पण यंदा तिचं काहीतरी बिनसलं होतं. पहिल्या झटक्यात चालू व्हायची, दहा मिनिटं झकास चालायची आणि मग घुर्र करून बंद. नंतर दोरी ओढून ओढून मामाच्या हाताची सालटी निघाली तरी हूं नाही की चूं नाही. प्लग काढला, घासला, बदलला. पेट्रोल माझ्यासमोर फडक्यातून गाळलं. काही फरक नाही.

मला मात्र वास आला चोरीचा. हा बाबा पेट्रोल विकून टाकीत रॉकेल घालत असणार, असं मी मनाशी पक्कं केलं. पुरावा? पुरावा कशाला पाहिजे, माझा त्याच्यावर राग होता तेवढा पुरे होता. टाकीच्या झाकणाच्या कडेला कागदाची पट्टी डकवली, वर सही ठोकली. मी समोर असल्याशिवाय झाकणाला हात लावायचा नाही, असा हुकूम काढला. मोटर बंद पडली की मामानं वल्हं मारत होडी काठाला आणायची. मग मी पट्टी फाडायचो, झाकण काढायचो, काडी बुडवून पेट्रोल बघायचो, वास घ्यायचो आणि झाकण लावायचो. आणि काय सांगू, त्यानंतर एका झटक्यात मोटर चालू! दर वेळी. मी गावभर सांगत सुटलो, "बघा, आपण काठावर गेलो की चालती. धाक लागतो धाक!"

मामा म्हणायचा, "सायब, हिला दम लागून राहिला. ह्यो टाकीकडनं येनाऱ्या नळीतला रबरी फुगा बघा कसा चपटा झालाय. हिला हवा न्हाई मिळत."

"मोटरीला दमा झालाय का? नेऊ दवाखान्यात?"

"हसा तुमी. पर ते झाकण येकदा मला बघू द्या."

"झाकणाला हात लावशील तर याद राख."

तेवढ्यात मोठ्या साहेबांसमोर पुराची रंगीत तालीम ठरली. त्या दिवशी मोटर बंद पडली तर दोघांतल्या एकाची मान जाणार, हे मलाही ठाऊक होतं आणि त्यालाही. मोटरीत दोष निघाला तर भांडार माझं, म्हणून चौकशी माझी. चालवणाऱ्यात दोष निघाला तर मामाचं काम गेलं. यंदापासून त्याला बारा महिने ठेवू, असं कचेरीत कुणीतरी त्याला कबूल केलं होतं. त्या भरवशावर त्यानं आपली जाळी धाकट्या भावाला देऊन टाकली होती.

साहेब केशरी जाकीट घालून होडीत बसले. मधोमध गेल्यावर मोटर मेली. होडी आडवी झाली आणि धारेला लागली. मामानं बावीस वेळा दोरी ओढली, मी काठावरून मोजत होतो. मग त्यानं वल्हं उचललं आणि एकट्यानं, दात-ओठ खात, होडी काठाला लावली. उतरताना साहेबांचे बूट चिखलात रुतले. त्यांनी विचारलं, "याला जबाबदार कोण?"

माझ्याआधी मामाच बोलला. "सायब, खोटं न्हाई सांगत. हिला दम लागतोय."

साहेब हसले, तलाठी हसला आणि सगळ्यात मोठ्यानं मी हसलो. कचेरीत जाऊन लगेच अहवाल लिहिला: चालकाचा निष्काळजीपणा, शिवाय पेट्रोलच्या वापराबाबत संशय. अक्षर माझं पहिल्यापासून सुंदर. दुसऱ्या दिवसापासून मामा बंद.

चार दिवसांनी हिमायतनगरकडचा एक मेस्त्री आला. त्यानं मोटरीला हातसुद्धा लावला नाही. फुगा दाबून पाहिला, टाकीचं झाकण काढलं आणि उजेडाला धरलं. "ह्ये कोन्या शहाण्यानं रंगवलं? हितं हवेचं भोक असतंय. ते बुजलं की टाकीत हवा जाईना, अन् हवा जाईना तर पेट्रोल तरी कसं येईल? झाकण काढलं की हवा मिळती, घडीभर चालती, पुन्ना बंद." त्यानं माझ्याच फायलीची टाचणी मागून घेतली आणि भोकात खुपसली. रंगाचा टवका उडाला. मोटर त्या दिवशी तासभर चालली.

"रंगवलं कुनी म्हनलं, सायब?"

"असंल कुणीतरी शिपाई," मी म्हणालो. झाकणावरचा नंबर माझ्या सुंदर अक्षरात दोघांच्या मधे पडला होता.

लाज वाटली. पण लाजेपेक्षा जास्त मामाचाच राग आला. हा माणूस बरोबर का निघाला? एका कागदाचं काम होतं. तीनदा लिहायला बसलो. 'सदर अहवालात माझ्याकडून' इथवर पेन चालायचं आणि मी कागद फाडायचो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथं तर फाशी लिहिणाराच चोर होता.

दिवाळीनंतर आठवडी बाजारात तो दिसला. भावाच्या पाटीशेजारी बसून मासे खवलून देत होता.

"मामा," मी म्हणालो. त्याला मामा पहिल्यांदाच म्हणालो. "तुमचं बरोबर होतं. झाकणाचं भोक बुजलं होतं. रंग मीच दिला होता."

त्यानं मान वर केली नाही. "मोटर चालती का आता?"

"चालती."

"पुरात मानसं काढली?"

"काढली."

"मंग बरं झालं."

सुटलो, असं मला वाटलं. मासे घ्यायला पिशवी पुढं केली, तेव्हा त्यानं सुरी खाली ठेवली आणि सरळ माझ्याकडं पाहिलं. "सायब, मला तोंडानं न्हाई काढलं, कागदानं काढलं. गावात चोर म्हनत्यात मला. तवा कागदावर लिहा. माझं नाव घाला, तुमचंबी घाला."

"लिहितो."

"बघू," तो म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाचा मासा घेतला.

नोकरीत होतो तोवर लिहिलं नाही. मग पेन्शनची फाईल अडकेल म्हणून लिहिलं नाही. आता अडकण्यासारखं काहीच उरलं नाही. आज बसलो आणि रंगाच्या डब्यापासून टाचणीपर्यंत सगळं एका बैठकीत लिहून काढलं. पुन्हा वाचून पाहिलं. त्यात त्याचं नाव नाही. माझंही नाही.