ढगात गेलेलं वाचनालय

तंत्रज्ञान माणसाला माणसाच्या जवळ आणतं. हे वाक्य मी आमच्या वाचनालयाच्या फलकावर वाचलं. त्याच्या खालच्या ओळीत लिहिलं होतं की वर्तमानपत्रांचं टेबल आणि खुर्च्या येत्या सोमवारपासून काढण्यात येतील.

वाचनालय नाशिकच्या जुन्या वस्तीत, पहिल्या मजल्यावर आहे. टेबल इतकं लांब की ते जिन्यातून वर कसं आलं हे कोणालाच सांगता येत नाही. सकाळी त्याच्याभोवती काही निवृत्त पुरुष आणि मी असे बसतो. मी शाळेत मराठी शिकवत असे, म्हणून मला सगळे बाई म्हणतात आणि विनोद करण्याआधी एकदा माझ्याकडे बघून घेतात. ही काळजी फुकट जाते. विनोद अश्लील कधीच नसतात, फक्त जुने असतात.

टेबलाचा आवडता विषय म्हणजे तंत्रज्ञानाच्या बातम्या. राजकारणावर बोललं की भांडणं होतात, प्रकृतीवर बोललं की भीती वाटते. यंत्रमानव मात्र कोणाचाच नातेवाईक नाही. मथळे मोठ्याने वाचायचं काम अंबडच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेल्या फिटरांकडे असे. त्यांचा आवाज मशीनच्या खडखडाटात तयार झालेला, त्यामुळे खालच्या रिक्षावाल्यांनाही जगाची प्रगती रोजच्या रोज कळे.

“ड्रायव्हरशिवाय चालणारी मोटार,” ते वाचत.

“द्वारका चौकातल्या कोंडीत आणा म्हणावं,” कोणीतरी म्हणे. “स्वतःच खाली उतरून चालायला लागेल.”

“कांद्याचा भाव आधीच सांगणारी कृत्रिम बुद्धिमत्ता.”

“लासलगावला पाठवा. दुपारपर्यंत रडतेय की नाही बघा.”

एवढं झालं की बातमीचा निकाल लागला. बातमी कोणी पूर्ण वाचत नसे. मत देण्यासाठी मथळा पुरतो, आणि मथळ्यातलाही पहिला अर्धा. आमच्यातले एक बँकेतून निवृत्त झालेले साहेब तेवढे विज्ञानाच्या बाजूचे. त्यांचा अभ्यास म्हणजे अमेरिकेतला मुलगा. त्याने सांगितलेलं ते आम्हाला सांगत आणि न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं देत.

त्यांच्या समोर दिंडोरीकडचे एक द्राक्षबागायतदार बसत. त्यांना सगळे आबा म्हणत. मुलाने शहरात आणून ठेवलेले, कानाने जरा कमी. एकदा फिटरांनी वाचलं, “ढगसेवा कोलमडली, व्यवहार ठप्प.”

“ढग आलं म्हंजी ठप्पच व्हनार,” आबा म्हणाले. “द्राक्षावर डावणीचा रोग पडतो. आमची आख्खी बाग गेली व्हती एकदा.”

“आबा, हा तो ढग नाही,” साहेब म्हणाले. “यात माहिती साठवतात. माझा मुलगा त्यातच काम करतो.”

“ढगात?”

“हो, ढगातच.”

“मंग त्याला म्हनावं, येळेवर फवारनी करून घे.”

टेबल हसलं. साहेबांनी पान उलटलं.

एका प्रकारच्या बातमीवर मात्र टेबलावर कधी विनोद झाला नाही. ती बातमी म्हणजे घरून काम. फिटरांची सून कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे आणि तिची कंपनी यांच्या हॉलमध्ये भरते. सकाळी तिची मीटिंग चालू असताना फिटर मागून गेले की परदेशातल्या साहेबांना त्यांचं बनियन दिसतं. “बाबा, कॅमेरा चालू आहे,” एवढंच ती म्हणते. मुलगी चांगली आहे, असं फिटर स्वतःच सांगतात. आतल्या खोलीत नातू झोपलेला, स्वयंपाकघरात उभं राहायलाही जागा नाही. काही दिवस त्यांनी जिन्यात बसून बघितलं, तर शेजाऱ्यांनी घरात भांडण झालं का म्हणून विचारलं. तेव्हापासून त्यांची सकाळ आमच्या टेबलाच्या खिडकीकडच्या खुर्चीत जाई. हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नसे. आता ती खुर्चीच काढणार होते.

फलक वाचून फिटर अध्यक्षांना भेटायला गेले. सोबत म्हणून मीही गेले. अध्यक्ष कॉलेजचे निवृत्त प्राचार्य. ते साधं पाणी मागतानाही प्रास्ताविक करतात.

“खुर्च्या राहतील का, सर?” फिटरांनी विचारलं.

“अहो, बसून वाचणं ही जुनी संकल्पना झाली. भिंतीवर टॅब लागणार आहेत. वाचक आता बसणार नाही, वाचक संवाद साधणार.”

“उभ्याने?”

“उभ्याने. आरोग्यालाही उत्तम.”

फिटरांनी आपल्या गुडघ्यांकडे बघितलं. नमस्कार केला आणि ते बाहेर आले. जिन्यात मला म्हणाले, “बाई, संवाद तर घरीपण चालू असतो. बसायला मिळत नाही, एवढंच.”

सोमवारी उद्घाटन झालं. टेबल दोन दिवस आधीच त्याच मजल्यावरच्या मागच्या गोदामात गेलं होतं. त्या दिवसापुरत्या भाड्याच्या प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. भिंतीवर झेंडूच्या माळा घातलेले सहा टॅब एका रांगेत होते. झेंडूमुळे ते सहाही नुकतेच वारल्यासारखे दिसत होते, पण हे माझं खाजगी मत मी कोणाला सांगितलं नाही. मंचावर एक मान्यवर होते. कशामुळे मान्यवर हे शेवटपर्यंत कळलं नाही.

अध्यक्षांचा मराठीबद्दलचा आग्रह मोठा. क्लाउड हा शब्द आपल्या व्यासपीठावर येणार नाही, असं त्यांनी आधीच बजावलं होतं. कार्यकारिणीत प्रथम ‘मेघ’ सुचवला गेला. पण सामान्य वाचकाला सहज कळेल असा शब्द हवा, असं अध्यक्षांचं म्हणणं पडलं. सामान्य वाचक त्यांनी कधी जवळून पाहिला नव्हता. भाषणाच्या शेवटी ते थांबले, चष्मा काढला आणि भरल्या आवाजात म्हणाले, “मला जाहीर करताना अत्यंत आनंद होतो की, आजपासून आपलं वाचनालय ढगात गेलं आहे.”

आबा तेवढ्यात दारात पोचले होते. त्यांनी एवढंच वाक्य ऐकलं. त्यांनी टोपी काढली.

“कवा?” त्यांनी फिटरांना विचारलं.

“आत्ताच,” फिटर म्हणाले आणि उठून उभे राहिले. मान खाली, हात पुढे जुळवलेले.

फिटर उठले म्हणून बँकेचे साहेब उठले. साहेब उठले म्हणून मागची रांग उठली. आपल्याकडे एक रीत आहे. माणसं मान खाली घालून उभी राहिली की आपणही राहायचं. कोणासाठी, हे नंतर विचारायचं. मान्यवरांना अशा कार्यक्रमांची चांगलीच सवय असावी. ते सर्वांच्या वरताण गंभीर होऊन उभे राहिले आणि त्यांनी डोळेही मिटले. मान्यवर उभे राहिल्यावर अध्यक्षांना बसता येईना, बोलता तर त्याहून येईना. पुष्पगुच्छ हातात धरून ते आपल्याच डिजिटल कक्षाला श्रद्धांजली वाहत राहिले. मीही उभी होते. हसू आवरायला मान खाली घालणं सोयीचं पडलं. शेवटी मागून कोणीतरी “ओम शांती” म्हटलं, आणि सगळे चहाकडे वळले.

आबांनी हे समजून केलं की चुकून, हे मला आजही सांगता येत नाही. विचारलं तर म्हणाले, “गेल्यावर उभं ऱ्हायाचं असतं, बाई. मानूस काय, वाचनालय काय.”

दुसऱ्या दिवशी एका स्थानिक पेपरात फोटो आला. सगळ्यांच्या माना खाली, मागे भिंतीवर झेंडूच्या माळा. मथळा होता, ‘वाचनालय ढगात’. अध्यक्षांना सांत्वनाचे फोन सुरू झाले. आपले वाचक मथळ्यापलीकडे वाचत नाहीत, हे मी आधी सांगितलंच आहे. एका जुन्या सभासदाने बऱ्याच वर्षांपूर्वी नेलेली कादंबरी आणून दिली. गेलेल्याची वस्तू घरात ठेवू नये, असं त्याची बायको म्हणाली होती.

तो आठवडा फिटरांनी शहर बसमध्ये काढला. सिडकोतून पंचवटी, पंचवटीतून परत. मला निमाणीच्या स्टँडवर भेटले तेव्हा म्हणाले, “ड्रायव्हर असलेली गाडी आहे, बाई. पण बसायला मिळतं.” मी हसले. ते हसले नाहीत. आम्ही तंत्रज्ञानावर केलेल्या सगळ्या विनोदांत हा एकच नवा होता, आणि तो वाचनालयाबाहेर झाला.

तिकडे अध्यक्षांनी वाचनालय जिवंत असल्याचा फोटो पेपरात द्यायचं ठरवलं. आम्हा सगळ्यांना बोलावणं आलं. फोटोग्राफरने मला बाजूला ठेवून बाकीच्यांना टॅबसमोर उभं केलं, मागे जाऊन बघितलं आणि कॅमेरा खाली घेतला.

“सर, हे बरं नाही दिसत.”

“का? काय झालं?”

“भिंतीकडे तोंड करून रांगेत उभे पुरुष, सर. लोक वेगळंच समजतील.”

अध्यक्षांनी मागे येऊन त्या रांगेकडे बघितलं. मग गोदामाची किल्ली मागवली.

टेबल बाहेर काढायला आमच्यातले सगळे लागले. धूळही न पुसता खुर्च्या मांडल्या, कोणीतरी त्या दिवसाचे पेपर पसरले. फिटर खिडकीकडच्या खुर्चीत बसले आणि अध्यक्ष त्यांच्या शेजारी. “वाचल्यासारखं करा,” फोटोग्राफर म्हणाला. फिटरांनी मोठ्याने मथळा वाचायला घेतला, तेव्हा त्याला सांगावं लागलं की फोटोत आवाज येत नाही.

तो फोटो छापून आला नाही. टेबल मात्र परत गोदामात गेलं नाही, कारण ते हलवायला कार्यकारिणीचा ठराव लागतो, आणि कार्यकारिणी बसते त्याच टेबलावर. भिंतीवर प्लगची सोय नाही हे महिन्याभराने, कोणीतरी पहिल्यांदाच टॅब चालू करायला गेलं तेव्हा, लक्षात आलं. प्लग टेबलापाशी आहे, त्यामुळे टॅबही खाली आले.

फिटर रोज सकाळी येतात. खिडकीकडच्या खुर्चीवर पंख्याचा वारा जास्त लागतो, म्हणून ते पेपरवर टॅब ठेवतात. पान उडत नाही.