रद्द न झालेली सूचना

दारात आले की आधी शेजारचे काका उजव्या हाताचं बोट जिभेला लावून हवेत धरायचे. वाऱ्याची दिशा कळली की म्हणायचे, "नाविकांस कळविण्यात येते की..." आणि पुढे काहीही यायचं. उद्या कचऱ्याची गाडी नाही. अकरा नंबरच्या घरापुढे ब्लॅक आइस, म्हणजे न दिसणारा बर्फ, आहे. एकदा तर, "तुझ्या किचनमधून करपल्याचा वास येतोय." मी आत धावले, पण पोळी केव्हाच कामातून गेली होती.

आम्ही इंग्लंडात, रीडिंग गावी, आणि आमच्या भिंतीला भिंत लागून हे काका. निवृत्त भूलतज्ज्ञ. इथल्या हॉस्पिटलांत लोकांना झोपवण्यात उभं आयुष्य गेलेलं. जन्म सोलापूरचा, म्हणजे समुद्राशी काडीचा संबंध नाही. इथल्या मराठी मंडळाने मेडनहेडला थेम्सवर अर्ध्या तासाची बोटट्रिप काढली, तेव्हा हे काठावरच बसून राहिले. बाकावर, लाइफ जॅकेट घालून!

हे वेड लागलं ते निवृत्तीनंतर. जुन्या कागदांच्या एका संग्रहासाठी ते घरबसल्या टायपिंग करून द्यायचे. इंग्रज सरकारच्या काळात हिंदुस्थानच्या बंदरांतून खलाशांसाठी निघालेल्या सूचना: वादळ येतंय, अमुक दिवा विझलाय, तमुक ठिकाणी खडक आहे. काका रोज टाय लावून लॅपटॉपपुढे बसायचे आणि संध्याकाळी त्याच भाषेत गल्लीला सूचना काढायचे. बागेत त्यांनी खांब रोवला आणि रस्त्यावरचा एक ट्रॅफिक कोन काळा रंगवून, जुन्या बंदरांतल्या वादळाच्या खुणेसारखा, त्यावर टांगला. टोक वर असलं तर वादळ उत्तरेकडून, खाली असलं तर दक्षिणेकडून. समोरची इंग्रज बाई कपडे वाळत घालण्यापूर्वी त्या कोनाकडे बघायची आणि बिनधास्त वाळत घालायची. आमच्या लेटरबॉक्समधून पडणाऱ्या सूचना तर थेट रिसायकलिंगच्या बिनमध्ये जायच्या. एकदा त्यांनी बिनमध्ये डोकावलेलं मी वरून पाहिलं. मला फार लाज वाटली. पुढची सूचना त्यांनी ठळक अक्षरांत काढली.

आणि मग त्यांना ती सूचना सापडली. कोकणातल्या एका खाडीच्या तोंडाशी, देवळाच्या कळसाच्या नैर्ऋत्येला, गलबत बुडालं आहे. पुढील सूचनेपर्यंत सर्वांनी त्या जागेपासून दूर राहावं. काकांनी पुढचे सगळे कागद पालथे घातले. पुढील सूचना कुठेच नव्हती.

"म्हणजे अजून लागू आहे!" भर जेवणात ते माझ्याकडे आले.

"काका, शंभराच्या वर वर्षं झाली."

"अगं, झोपवणं सोपं असतं. माणूस उठल्याशिवाय डॉक्टरने घरी जायचं नसतं. कुणीतरी इशारा दिला आणि तसाच सोडून गेला!"

त्यांनी दिसेल त्या ऑफिसला ईमेल केल्या. उत्तरं आली ती आभाराची. काका खंगत चालले. हार्ट थकलेलं, डॉक्टरांनी विमानप्रवास बंद केलेला. गोळ्या घेताना म्हणायचे, "माझ्या आधी ती सूचना रद्द झाली पाहिजे." मी हसायचे आणि पाण्याचा ग्लास पुढे करायचे.

माझं सासर त्या खाडीपासून तासाभरावर. डिसेंबरात निघाले तेव्हा काकांनी नकाशा दिला, तळ चाचपायला वीस मीटरची दोरी दिली आणि टोकाला बांधायला वजन म्हणून घरातला बत्ता दिला. एअरपोर्टवर तो बत्ता कशासाठी हे मी कसं समजावलं ते विचारू नका.

एका कोळीदादांच्या होडीतून मी खाडीच्या तोंडाशी गेले. दोनदा उलटी झाली. काकांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांच्याकडे सकाळचे साडेआठ. टाय होता, आणि लाइफ जॅकेटही. नकाशावरच्या जागी दोरी सोडली. इकडे सोडली, तिकडे सोडली. बत्ता प्रत्येक वेळी नुसता चिखल घेऊन वर आला.

"काही नाही, काका. तळ साफ आहे."

काकांनी कागद उचलला, घसा साफ केला. "नाविकांस कळविण्यात येते की..."

"पन ताई," दादा मध्येच म्हणाले, "हितं तुमी सांगितलंत म्हनून आलो. आमी येत नाय हिकडं."

"का?"

"म्हायती नाय. आजा सांगायचा, देवळाच्या ह्या अंगाला जायचा नाय, लांबनं वळायचा. आमचा अख्खा गाव लांबनंच वळतो."

मी फोनकडे पाहिलं. काकांच्या हातातला कागद खाली आला होता. चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले, बराच वेळ पुसले.

"लोकांनी ऐकलं गं," ते म्हणाले. "अजून ऐकतायत."

"मग रद्द करायची ना?"

"खबरदार! हात लावू नकोस."

मार्चमध्ये काका गेले. झोपेतच गेले. मला त्यांचा चेहरा त्या दुपारचाच आठवतो. दादांनी होडी परत फिरवली होती, आणि काही म्हणजे काही नसलेल्या त्या पाण्याला लांबून वळसा घालताना काका फोनमधून जीव तोडून ओरडत होते, "आणखी लांबून! आणखी लांबून घ्या!"