चुलीवरची लाख

लाखेवर संशोधन करते म्हटलं की लोक बांगड्यांचा भाव विचारायचे. लाख तापवल्यावर नेमकी कुठे मऊ पडते, एवढंच मला मोजायचं होतं. त्या एवढ्याशापायी तिशी उलटली.

चंद्रपूरच्या कॉलेजातलं आमचं यंत्र सावकाश तापायचं. तोवर लाख आतून बदललेली असायची, त्यामुळे मोजलं ते भलतंच. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत नवं यंत्र आलं होतं. डोळ्याला जेमतेम दिसेल असा कण ते पापणी लवायच्या आत तापवायचं, लाखेला बदलायला सवडच द्यायचं नाही. माझ्या मार्गदर्शक सरांनी ओळखीपाळखी काढून मला एक दिवस मिळवून दिला. ते निवृत्त होणार होते, तेव्हा प्रबंध व्हायचा तर याच मोजणीवर.

लाख मात्र झाडावरून काढलेली, ऊब न लागलेली हवी होती. लाख बरेच दिवस उबेत राहिली की तिची मूळची अवस्था मोडते, मग ती परत मिळत नाही. पोंभुर्ण्याकडे आमच्या गावी बाबा पळसाची लाख काढत. त्यांना मी सांगून ठेवलं होतं, विस्तवावर अजिबात धरू नका. त्यांनी दाणे गार पाण्यात धुऊन, स्वच्छ फडक्यात बांधून दिले.

पुण्यात पहिलाच आलेख वेडावाकडा आला. दाणे बदलले, तरी तेच. यंत्रावरच्या बाई म्हणाल्या, ही लाख कुठेतरी उबेत पडून होती. संध्याकाळपर्यंत आम्ही उगाच कण तापवत बसलो. मग मी गावी शेजाऱ्यांकडे फोन लावून बाबांना बोलावून घेतलं.

"विस्तवाले नाई लावली," बाबा म्हणाले. "बियान्यासोबत चुलीवर टांगून ठेवली होती. भुरशी लागली असती ना पावसानं. तुया कामाची होती थे."

आमच्याकडे घरातली सगळ्यात जपायची वस्तू तिथेच टांगतात. मला राग आला होता, पण रागवायला अंगात त्राण नव्हतं.

"काऊन, खराब झाली का?"

"नाई बाबा. चांगली आहे."

प्रबंध झाला नाही. घुग्घुसच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. बाबा अजून पाहुण्यांना सांगतात की पोरीच्या पुण्याच्या मशीनची लाख त्यांनी बियाण्यासारखी सांभाळली होती. सांगून झालं की ते माझ्याकडे बघतात, आणि मी हो म्हणते.